हिरवळ, कडा आणि क्षितिजरेषा

एखाद्या बांधकामामुळे किंवा जमिनीच्या बदललेल्या वापरामुळे परिसराच्या दिसण्यात जो फरक पडतो, त्याला नियोजनाच्या परिभाषेत दृश्य-परिणाम असे म्हणतात. या संज्ञेत दोन वेगळ्या गोष्टी सामावलेल्या असून त्यांची गल्लत झाली की पुढची सगळी चर्चा भरकटते. पहिली गोष्ट भूदृश्यावरील परिणामाची, म्हणजे डोंगर, पठार, ओढे, झाडोरा, शेते आणि वस्ती यांच्या परस्परसंबंधातून घडलेल्या भूमीच्या स्वरूपात होणाऱ्या बदलाची. हा बदल पाहणारा कोणी असो वा नसो, घडतोच. दुसरी गोष्ट दृष्टीवरील परिणामाची, म्हणजे ठरावीक ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला आजवर जे दिसत होते ते दिसेनासे होण्याची किंवा वेगळे दिसू लागण्याची. ब्रिटनमध्ये अशा मूल्यांकनासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि २०१३ मध्ये तिसरी आवृत्ती निघालेल्या मार्गदर्शिकेत हा भेद पायाभूत मानला आहे, आणि गोल्फच्या मैदानांविषयी रहिवाशांच्या ज्या तक्रारी जगभर ऐकू येतात त्या समजून घेण्यासाठीही तो सोडून चालत नाही.

गोल्फच्या मैदानाची अडचण अशी की ते हिरवे असते. कारखान्याचे धुराडे, दगडखाण किंवा वीस मजली इमारत डोळ्यांना खुपते हे कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. परंतु मऊ हिरवळ, मधूनमधून तळी आणि कडेला ओळीने लावलेली झाडे यांविरुद्ध एखाद्या गावाने तक्रार केली, तर ती तक्रार बाहेरच्या माणसाला हट्टाची वाटते. म्हणून या मैदानाची रचना आधी पाहणे आवश्यक आहे. अठरा खळग्यांच्या पूर्ण मैदानाला साधारणपणे ५० ते ६० हेक्टर किंवा त्याहूनही अधिक जमीन लागते. प्रत्येक खळग्याचा खेळ ‘टी’ नावाच्या सपाट चौथऱ्यावरून सुरू होतो, ‘फेअरवे’ म्हणजे बारीक कापलेल्या गवताच्या लांब पट्ट्यावरून पुढे सरकतो आणि ‘ग्रीन’ या अतिशय गुळगुळीत राखलेल्या हिरवळीवर संपतो. वाटेत ‘बंकर’ नावाचे वाळूचे खड्डे, कृत्रिम उंचवटे आणि प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी असतात. भारतातील अनेक मैदानांवर वापरले जाणारे बर्म्युडा गवत हे आपल्या हरळीचेच, म्हणजे दूर्वांचेच भाईबंद आहे. मात्र हरळी बांधावर आपली आपण उगवते, तर मैदानावरील तिचे संकरित वाण रोज पाणी, खत, कीटकनाशक आणि कापणी मागते. याशिवाय क्लबघर, वाहनतळ, गाड्यांचे सिमेंटचे रस्ते, सरावाच्या जागेभोवती उंच खांबांवर ताणलेली जाळी, रात्रीच्या खेळासाठी प्रखर दिवे आणि सर्वांभोवती कुंपण असा पसारा असतो, आणि अलीकडच्या बहुतेक प्रकल्पांत तर मैदान हे त्याभोवतीच्या बंगल्यांची आणि हॉटेलांची किंमत वाढवण्याचे साधन असते.

पुनर्विकास हा शब्द या संदर्भात दोन उलट दिशांनी वापरला जातो. एक म्हणजे अस्तित्वात असलेले मैदान वाढवणे, त्याचे क्लबघर पाडून मोठे करणे, त्यात हॉटेल किंवा घरे घालणे. दुसरी म्हणजे मैदान बंद करून ती मोकळी जमीन संपूर्णपणे बांधकामाला देणे. अमेरिकेत २००६ पासून दरवर्षी नव्याने सुरू होणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणाऱ्या मैदानांची संख्या जास्त राहिली आणि त्यामुळे हा दुसरा प्रकार तिथे नेहमीचा झाला; जपानमध्ये बंद पडलेल्या काही मैदानांवर सौर पटले उभी राहिली. अशा ठिकाणी ज्या रहिवाशांनी हिरवळ दिसते म्हणून जास्त पैसे मोजून घरे घेतली, तेच विरोधाला उभे राहतात. डोंगराळ आणि ग्रामीण भागात मात्र प्रश्न या दोन्हींहून वेगळा असतो, कारण तिथे आधीपासून असलेली मोकळी, चराईची, फुलांची किंवा ओसाड भासणारी जमीन ‘विकसित’ करायची असते. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांना जी काळजी लागून राहते ती याच प्रकारची आहे, आणि ती नेमकी कशाची काळजी आहे हे पाहण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावड्यासारखी जागा शोधूनही सापडणार नाही.

गगनबावडा हे गोल्फसाठी ओळखले जाणारे गाव नाही. कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, घाटमाथ्याच्या अगदी धारेवर वसलेले हे तालुक्याचे ठिकाण असून येथून दोन घाट कोकणात उतरतात, एक करूळचा, जो वैभववाडीकडे जातो, आणि दुसरा भुईबावड्याचा, जो खारेपाटणच्या दिशेने जातो. वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या तालुक्याची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत आहे. गावामागे गगनगड उभा आहे, ज्याच्या उभारणीचे श्रेय परंपरेने शिलाहार राजा दुसरा भोज याला दिले जाते आणि जो विसाव्या शतकात गगनगिरी महाराजांच्या मठामुळे घराघरांत पोहोचला. दक्षिणेला राधानगरीचे अभयारण्य आहे, जे २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. पळसंबे येथील कातळात खोदलेली रामलिंगाची देवस्थाने, मोरजाईचे पठार आणि कुंभी नदीवरील धरणाचा जलाशय ही सगळी याच तालुक्यातील ठिकाणे आहेत.

या भूमीकडे पाहण्याची एक लष्करी नजर पूर्वीपासून होती, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. बावडा, म्हणजे गगनबावडा, ही पंत अमात्यांची जहागीर; या घराण्यातील रामचंद्रपंत अमात्य यांनी कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ल्याच्या शेजारी त्याच्यावर मात करणारा दुसरा उंच डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंग लावून कमी करावा, आणि ते शक्य नसल्यास तोही बांधून ताब्यात घ्यावा, असा त्यातील विचार आहे. कोणत्या जागेवरून काय दिसते आणि कोणती जागा कोणाच्या नजरेखाली येते, हा राज्य टिकण्याचा प्रश्न असल्याचे त्या काळी उघडपणे मानले जात होते. त्याच ग्रंथात आंबा, फणस यांसारखी रयतेने लेकरांसारखी वाढवलेली झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत असेही बजावलेले आहे, म्हणजे भूमीचे रूप बदलण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावे हा आग्रहही बावड्याच्या परिसराला परका नाही.

आता पठाराकडे वळू. जांभ्या दगडाचे विस्तीर्ण, जवळजवळ सपाट, झाडे नसलेले माथे हे कोल्हापूर आणि सातारा जिल्ह्यांतील सह्याद्रीचे वैशिष्ट्य असून त्यांनाच कोकणात सडा म्हणतात. नकाशावर आणि उपग्रहचित्रात अशी जमीन रिकामी दिसते. घरे नाहीत, शेती नाही, जंगल नाही, उतार सौम्य, आणि कडेला कोकणात कोसळणारा कडा. मैदानाच्या रचनाकाराला याहून सोयीची जागा मिळणे कठीण, आणि महसुली नोंदींत ‘पडीक’ लिहिलेली असल्याने ती स्वस्तही भासते. प्रत्यक्षात या पठारांवर मातीचा थर काही सेंटिमीटरचा असतो आणि तेवढ्या थरावर पावसाळ्यात सीतेची आसवे, गेंद, तेरडा, कवला अशा शेकडो वनस्पतींचा, आणि त्यांतील कित्येक जगात अन्यत्र न आढळणाऱ्या वनस्पतींचा, एक पूर्ण जीवनक्रम दोन-तीन महिन्यांत उरकतो. उरलेले वर्ष धनगरवाड्यांची जनावरे येथे चरतात.

गगनबावड्याच्या दृश्याचा जो गाभा आहे तो या पठारांच्या बदलत जाण्यात आहे. जूनमध्ये काळा कातळ पाण्याने चकाकतो, जुलैमध्ये सगळे धुक्यात नाहीसे होते, ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांचे पट्टे सरकत राहतात, नोव्हेंबरमध्ये गवत सोनेरी होते आणि फेब्रुवारीनंतर तांबूस-काळा दगड पुन्हा उघडा पडतो. त्यावर बारमाही हिरवळ पसरली तर पावसाळ्यात ती ओळखूही येणार नाही. मार्चमध्ये मात्र करपलेल्या माथ्यावरचा तो गडद हिरवा, वळणदार कडांचा आकार कित्येक किलोमीटरवरून वेगळा उठून दिसेल. म्हणूनच ऑगस्टमधल्या छायाचित्रावर मैदान रंगवून दाखवलेले प्रकल्पचित्र हे अर्धेच सत्य सांगते, आणि दृश्य-परिणामाची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती उन्हाळ्याच्या तोंडावर घेतली पाहिजे. दृश्याची हानी म्हणजे नेहमी हिरव्याचे राखाडी होणे नव्हे. जे ऋतूंबरोबर हलत होते ते स्थिर होणे, जे मोकळे होते ते कुंपणात जाणे आणि ज्या कड्यावर रात्री फक्त आकाश दिसत होते तिथे दिव्यांचे खांब दिसणे, हीदेखील हानीच आहे.

शिवाय घाटमाथ्याचे दृश्य दुतर्फा असते. वरच्या रहिवाशाला खाली कोकण दिसते, तर खाली करूळ, भुईबावडा आणि वैभववाडी परिसरातील माणसाला वर सह्याद्रीची भिंत आणि तिची क्षितिजरेषा दिसते. जमीन आणि आकाश जिथे भेटतात त्या रेषेवर आलेली कोणतीही वस्तू, मग ती दोन मजली क्लबघर असो वा जाळीचा खांब, पार्श्वभूमीला फक्त आकाश असल्यामुळे तिच्या आकाराच्या मानाने फार ठळक दिसते. प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल ती कोल्हापूर जिल्ह्यात, पण त्याचे सर्वांत तीव्र दर्शन सिंधुदुर्ग जिल्ह्यात, असा प्रकार येथे सहज घडू शकतो. आणि तसे झाल्यास ज्यांना सर्वाधिक दिसते त्यांना मत विचारण्याची कोणतीही तरतूद ग्रामपंचायतीच्या किंवा तालुक्याच्या परवान्यात नसते. ही उणीव कोणाच्या वाईट हेतूतून आलेली नसून आपल्या प्रशासनाच्या सीमा पाणलोट आणि जमीन-महसूल पाहून आखल्या गेल्या, नजरेचा विचार त्यांत कधी झालाच नाही, यातून ती आली आहे.

कायद्याच्या दारात दृश्य

दृश्यावर खासगी हक्क नाही, ही इंग्रजी कायद्यातील फार जुनी भूमिका आहे. १६१० च्या सुमाराच्या आल्ड्रेडच्या खटल्यात असे मत मांडले गेले की उजेड आणि स्वच्छ हवा या गरजा आहेत, तर दूरवरचे दृश्य ही केवळ आनंदाची बाब असल्याने तिच्यासाठी दावा चालणार नाही. भारताच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही उजेड आणि हवा यांचा हक्क वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने मिळू शकतो असे मानले, दृश्याला मात्र तसे स्थान दिले नाही. खासगी हक्क नाकारण्यामागे तर्क आहे, कारण प्रत्येकाला आपापल्या खिडकीतील दृश्याचा हक्क दिला तर शेजाऱ्याला घरच बांधता येणार नाही. परंतु खिडकीतील दृश्य आणि सगळ्या तालुक्याची क्षितिजरेषा या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. दुसरी सार्वजनिक संपत्ती आहे, आणि तिच्यासाठी अनेक देशांनी वेगळे नियम केले. लंडनमध्ये सेंट पॉलच्या कॅथिड्रलकडे जाणाऱ्या नजरेच्या रेषा १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इमारतींच्या उंचीवर मर्यादा घालून राखल्या गेल्या. जर्मनीतील ड्रेस्डेनजवळचे एल्बे नदीचे खोरे २००४ मध्ये जागतिक वारसा ठरले आणि नदीवर एक चौपदरी पूल बांधायला घेतल्यामुळे २००९ मध्ये यादीतून काढून टाकले गेले. पुलाने एकही स्मारक पाडले नव्हते, त्याने फक्त दृश्य तोडले होते.

भारतात असा विचार अगदीच नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले, आणि महाबळेश्वरच्या अधिसूचनेत जतन करावयाच्या नैसर्गिक वारशामध्ये धबधबे, झरे, देवराया, गुहा यांच्याबरोबर ‘पॉइंट’ आणि पायवाटा यांचाही उल्लेख केला, म्हणजे जिथून पाहायचे ती जागादेखील जपण्यासारखी मानली. संरक्षित स्मारकांभोवती २०१० च्या दुरुस्तीनुसार १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. पन्हाळा हा जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांच्या समूहातून जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यात भूदृश्य हा शब्द आता शासकीय कागदांतही आला आहे. तथापि गगनबावड्यासारख्या ठिकाणाला यांतील कोणतीही तरतूद आपोआप लागू पडत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत दडलेली आहे. ज्या प्रकल्पांना आधी पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते त्यांची यादी या अधिसूचनेला जोडलेली आहे, आणि तिच्यात गोल्फचे मैदान अशी स्वतंत्र नोंद नाही. मैदानाबरोबर २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल तरच ते इमारत-प्रकल्प म्हणून यादीत येते. केवळ साठ हेक्टर पठार खरवडून त्यावर हिरवळ लावली तर तेवढ्याने ते इमारत-प्रकल्प ठरत नाही. इमारत-प्रकल्पांसाठी भरावयाच्या नमुन्यात सौंदर्यदृष्टी या शीर्षकाखाली एक प्रश्न जरूर आहे: प्रस्तावित बांधकामामुळे एखादे दृश्य, निसर्गशोभा किंवा भूदृश्य अडेल का, आणि प्रकल्पकर्त्याने याचा विचार केला आहे का. पण या प्रश्नाचे उत्तर प्रकल्पकर्त्यानेच द्यायचे असते, आणि याच वर्गातील प्रकल्पांना अधिसूचनेने जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. दृश्याविषयी विचारणारा प्रश्न ज्या प्रकल्पांना विचारला जातो, नेमक्या त्याच प्रकल्पांबाबत पाहणाऱ्यांना विचारले जात नाही. या अधिसूचनेवर टीका करणाऱ्यांनी हवा, पाणी आणि जंगल यांविषयी पुष्कळ लिहिले आहे. ही विसंगती मात्र जवळजवळ दुर्लक्षित राहिली, आणि डोंगराळ भागातील गावांना तिची मोठी किंमत मोजावी लागते.

परिणाम असा होतो की रहिवाशांना दृश्याची तक्रार दुसऱ्या नावाने मांडावी लागते. नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्स परिसरातील पाणथळ जमिनीवर गोल्फचे मैदान आणि निवासी इमारती उभारण्याच्या योजनेला तेथील रहिवाशांनी आणि पर्यावरणप्रेमींनी विरोध केला. ज्यांच्या घरांसमोर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात त्यांना डोळ्यांसमोरचे पाणी आणि आकाश हरवण्याचे दुःख असणे स्वाभाविक होते. तथापि न्यायालयात चर्चा झाली ती पाणथळ जागेच्या व्याख्येची, खारफुटीची आणि विकास नियमावलीतील बदलांची. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये या योजनेला वाट करून देणारे निर्णय रद्द ठरवले आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आले. गोव्याच्या उत्तर टोकाला, नदीमुळे उरलेल्या गोव्यापासून तुटलेल्या आणि सिंधुदुर्गातील रेडीच्या शेजारी असलेल्या तेरेखोल गावात गोल्फ आणि हॉटेलच्या प्रकल्पाविरुद्ध २०१५ मध्ये मोठा संघर्ष झाला, तेव्हा लढाईचे हत्यार होते कूळकायदा, कारण काजूच्या बागा कसणाऱ्या कुटुंबांचा जमिनीवरचा हक्क हाच त्यांना न्यायालयात सिद्ध करता येण्यासारखा होता. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तेव्हाही मोकळी जागा, भूमिगत वाहनतळ आणि भाडेपट्टा यांची चर्चा झाली; दाट शहराच्या मध्यभागी एवढे रुंद आकाश दिसणारी ती एकच जागा आहे, हा मुद्दा लोकांच्या बोलण्यात होता, पण त्याला कायद्याचे नाव नव्हते.

दुसऱ्या नावाने मांडलेली तक्रार कधीकधी जिंकते, पण तिचा धोका असा की ते दुसरे नाव गळून पडले की मूळ तक्रारही निराधार ठरते. पाणथळ जागा व्याख्येबाहेर गेली, कूळ सिद्ध झाले नाही, दुर्मीळ वनस्पती दुसऱ्या पठारावरही आढळली, की गावाजवळ बोलण्यासारखे काही उरत नाही, जरी ज्या गोष्टीसाठी ते मुळात उठले होते ती जशीच्या तशी असली तरी.

याउलट, जमीनमालकांना दृश्याचे मोल फार पूर्वीपासून ठाऊक आहे. स्कॉटलंडमधील अबर्डीनशर परगण्यात मेनी येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीने समुद्रकाठच्या सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर गोल्फचे मैदान उभारले आणि २०१२ मध्ये ते सुरू केले. त्यासाठी टेकड्यांचा काही भाग गवत लावून स्थिर केल्यामुळे त्या जागेचा विशेष वैज्ञानिक महत्त्वाचा दर्जा २०२० मध्ये काढून घेण्यात आला, आणि शेजारच्या काही घरांसमोर मातीचे बांध व झाडे आल्याने त्यांचे दृश्य झाकले गेल्याच्या तक्रारी झाल्या. त्याच कंपनीने समोरच्या समुद्रात होणाऱ्या पवनचक्क्यांमुळे आपल्या मैदानावरून दिसणारे दृश्य बिघडेल म्हणून खटला भरला आणि तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर २०१५ मध्ये फेटाळला गेला. कंपनीला दृश्याच्या हानीचा अर्थ नीट कळत होता, हे त्या खटल्याने सिद्ध केले. प्रश्न फक्त एवढाच राहतो की तेच गाऱ्हाणे शेजारच्या लहान घरातून आले की ते भावनिक का ठरते.

मोजता येते ते

दृश्य ही आवडीनिवडीची बाब असल्याने तिचे मोजमाप होऊ शकत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो बव्हंशी चुकीचा आहे. आवड मोजता येत नसली तरी दिसणे मोजता येते. उंचीची अंकीय माहिती वापरून संगणकावर संभाव्य दृश्यक्षेत्र काढता येते, म्हणजे प्रस्तावित वस्तू कोणकोणत्या ठिकाणांहून दिसेल याचा नकाशा. त्यात पृथ्वीच्या गोलाईचाही हिशेब धरावा लागतो, कारण दहा किलोमीटरच्या अंतरावर ती सुमारे आठ मीटर उंची झाकते, जरी हवेतून येताना प्रकाश किंचित वाकत असल्याने प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी झाकली जाते. घाटमाथ्यासाठी असा नकाशा केल्यास एक गोष्ट लगेच लक्षात येते: कड्यापासून शे-दोनशे मीटर आत सरकवलेली इमारत खालच्या कोकणातून अनेकदा पूर्णपणे नाहीशी होते, तर कड्यावरची तीच इमारत मोठ्या भागातून दिसते. विकासकाला कडा हवा असतो तो दृश्यासाठीच. म्हणजे एका बाजूच्या दृश्याची विक्री करताना दुसऱ्या बाजूचे दृश्य खर्ची पडते.

यानंतर पाहणाऱ्यांचा विचार येतो. जे तिथे कायम राहतात आणि जे केवळ निसर्ग पाहण्यासाठी पायी येतात त्यांची संवेदनशीलता जास्त धरली जाते, तर घाटातून गाडी चालवणाऱ्याची किंवा कामावर असलेल्याची कमी. गगनबावड्यात या पाश्चात्त्य क्रमात थोडा बदल करावा लागेल, कारण येथे पठारावर गुरे घेऊन दिवसभर राहणारा धनगर हा कामावर असलेला माणूस असूनही त्या भूमीकडे सर्वाधिक वेळ पाहणारा तोच असतो, आणि ढग कोणत्या खिंडीतून चढतात, पाणी कोणत्या कातळावर साचते याची त्याची नजर म्हणजे त्याचे उपजीविकेचे ज्ञान असते. त्याच्या वाटेवर कुंपण आले तर त्याला ‘दृश्य-परिणाम’ हा शब्द ठाऊक नसला तरी पहिला परिणाम त्याच्यावरच होतो.

सर्वांत साधी आणि प्रामाणिक पद्धत मात्र संगणकाची नाही. स्वित्झर्लंडमध्ये बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी नियोजित इमारतीचा आकार दाखवणारे खांब जागेवर उभे करावे लागतात, जेणेकरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिची उंची आणि कडा डोळ्यांनी पाहता याव्यात आणि मुदतीत हरकत घेता यावी. ज्या भागात चिवा आणि बांबू मुबलक आहेत तिथे हे करण्याचा खर्च नगण्य आहे. क्लबघराच्या चार कोपऱ्यांवर आणि दिव्यांच्या जागी चुना लावलेल्या काठ्या महिनाभर उभ्या राहिल्या आणि त्या करूळ घाटाच्या पायथ्यावरून, गगनगडाच्या तटावरून व गावच्या एसटी स्थानकावरून पाहिल्या गेल्या, तर रंगीत पुस्तिकेतील कोणत्याही चित्रापेक्षा लोकांना अधिक कळेल.

रहिवाशांची बाजू घेताना तिच्यातील ताणही लपवता कामा नये. गगनबावड्यातील तरुण कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे जातात, आणि ज्या माणसाला गावात काम नाही त्याला क्षितिजरेषेचे महत्त्व सांगणे सोपे नाही. करूळ घाट २०२४ मध्ये काँक्रिटीकरणासाठी दीर्घकाळ बंद राहिला, तेव्हा घाटावर अवलंबून असलेल्या दुकानदारांना आणि हॉटेलवाल्यांना रस्त्याची किंमत पुरेपूर कळली. डोंगर खोदून रुंद केलेल्या त्या रस्त्यानेही दृश्य बदलले, आणि तरी रस्ता हवाच होता. पन्हाळ्यावरील रहिवाशांनीही जागतिक वारशाच्या नामांकनाच्या काळात नव्या निर्बंधांच्या भीतीने विरोध नोंदवला होता. म्हणजे दृश्य राखण्याचा भार कोणी सोसायचा हा प्रश्न खरा आहे, आणि तो न सोडवता केवळ मनाईचे फलक लावले तर ज्यांनी ही भूमी आजवर राखली तेच तिच्याविरुद्ध उभे राहतील. मैदानाचा रोजगार मात्र बारकाईने तपासला पाहिजे: कापणी, पाणी देणे आणि खेळाडूंच्या पिशव्या वाहणे ही कामे स्थानिकांना मिळतात, परंतु फेब्रुवारी ते मे या काळात, जेव्हा जांभ्याच्या पठारावरील झरे आटतात आणि वाड्यांना पाणी कमी पडते, तेव्हा हिरवळीला दिवसाला काही लाख लिटर पाणी लागते. पाच मीटर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात पाण्याची टंचाई कशी, असे बाहेरच्यांना वाटते. जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि पडलेला पाऊस पावसाळा संपताच निघून जातो, हे त्याचे उत्तर आहे.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा या सर्वावर काही प्रमाणात उपाय ठरू शकला असता. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये आला. त्यानंतर मार्च २०१४ पासून एकामागून एक मसुदे निघाले आणि ३१ जुलै २०२४ चा सहावा मसुदा ५६,००० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रासाठी होता. त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या नव्या इमारतींना, तसेच ५० हेक्टर आणि त्याहून मोठ्या नगररचना प्रकल्पांना मनाई प्रस्तावित आहे. पूर्ण गोल्फ मैदान या सीमेच्या आसपासच येते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे, कारण नऊ खळग्यांचे मैदान आणि १९,००० चौरस मीटरचे हॉटेल असे विभागून आणलेले प्रस्ताव मसुदा अंतिम झाला तरी त्याच्या बाहेरच राहतील.

त्यामुळे ज्या साधनासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही त्याकडे गावांनी वळणे अधिक उपयोगाचे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याची तरतूद केली असून तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. या नोंदवहीच्या नमुन्यात झाडे, पिके, प्राणी यांच्याबरोबर भूदृश्य आणि जलदृश्य यांच्यासाठीही जागा आहे. बहुतेक ठिकाणी ती पाने एका ओळीत उरकली जातात. त्या पानांवर गगनबावडा तालुक्यातील गावांना प्रत्येक पठाराचे नाव, त्यावरील चराईच्या वाटा, ऋतूनुसार त्याचे बदलते रूप, ते कोणकोणत्या ठिकाणांहून दिसते आणि तिथून मार्च, ऑगस्ट व नोव्हेंबरमध्ये काढलेली दिनांकित छायाचित्रे नोंदवता येतील. घाटाखालच्या ग्रामपंचायतींनी आपापल्या वहीत तोच माथा खालून कसा दिसतो ते लिहिल्यास जिल्ह्यांची सीमा ओलांडणारा एक पुरावा तयार होतो. पुढे कधी एखाद्या प्रकल्पाच्या नमुन्यात दृश्य अडणार नाही असे उत्तर लिहून आले, तर मंजुरी देणाऱ्या समितीसमोर आणि गरज पडल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर ठेवण्यासाठी ग्रामसभेकडे आधीच्या तारखेची, सह्यांची आणि छायाचित्रांची नोंद हाताशी असेल, आणि दृश्याची तक्रार पक्ष्यांच्या किंवा कुळांच्या नावाआड न लपवता तिच्या स्वतःच्या नावाने दाखल करता येईल.